हरसूलच्या रस्त्याला सागाच्या थप्प्या: सरकारी जंगल तोडून पुन्हा उभं राहतं का?

रानवाटकर (१६ फेब्रुवारी, रात्री ९.४०)

मंडळी, काल त्र्यंबकहून हरसूलकडे गाडी काढली होती. पानगळ सुरू आहे, डोंगर उघडे पडलेत, पळस अजून पुरता फुललेला नाही. एका वळणावर रस्त्याच्या कडेला सागाच्या ओंडक्यांच्या थप्प्या दिसल्या. प्रत्येक ओंडक्यावर नंबर आणि हातोड्याची छाप, म्हणजे चोरीचा माल नव्हे. मागच्या उतारावर नुसते खुंट. शंभर पावलांवर खात्याचा गंजलेला फलक, त्यावर 'वनसंवर्धन' एवढंच वाचता येत होतं. एक वनरक्षक भेटले. म्हणाले, "कूप आहे, म्हणजे तोडीसाठी ठरवून दिलेला जंगलाचा तुकडा. मंजुरीने चालू आहे." चहाही पाजला, माणूस चांगला होता.

पण डोक्यातून जात नाहीये. नाशिक जिल्हा १५,५३० चौरस किलोमीटरचा, त्यात वनाच्छादन जेमतेम सात टक्के. राष्ट्रीय वननीती म्हणते की देशाचा एक तृतीयांश भाग वनाखाली हवा. मग असलेलं जंगल विक्रीसाठी तोडायचं आणि त्याच खात्याने पुनरुज्जीवनाच्या योजनाही राबवायच्या, हे एकत्र कसं बसतं? जाणकारांनी सांगावं. भांडण नको, खरंच समजून घ्यायचंय.

तर्रीबाज (९.५२)

फोटोशिवाय धागा म्हणजे तर्रीशिवाय मिसळ. थप्प्यांचा फोटो टाका.

गोदाकाठचा (१०.१५)

समजून काय घ्यायचंय यात? तोड बंद, विषय संपला. कुंभाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायला निघाले तेव्हा अख्खं शहर रस्त्यावर उतरलं. हरसूलला बघायला कोणी नाही म्हणून बिनबोभाट चालतं. एका झाडाला वाढायला पन्नास वर्षं लागतात आणि करवतीला दहा मिनिटं.

खाकी_निवृत्त (१७ फेब्रुवारी, सकाळी ७.०५)

मी चौतीस वर्षं या खात्यात काढली, त्यातली बरीच पश्चिम नाशिकात. थोडं सविस्तर लिहितो, घाई असेल त्यांनी पुढे जावं.

तपोवनातली झाडं आणि कूप यांची गल्लत नको. शहरातलं झाड तोडलं की तिथे मांडव किंवा काँक्रीट येतं. कूप म्हणजे पुन्हा जंगलच राहणार असलेल्या जमिनीवरची तोड. कोणत्या वर्षी कोणत्या कक्षात, कोणत्या पद्धतीने, हे कार्य आयोजनेत, म्हणजे त्या जंगलाच्या आराखड्यात, आधी ठरलेलं असतं. गोदावर्मन प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर तर केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय सरकारी जंगलात कुऱ्हाड लावता येत नाही. तीव्र उतार आणि नाल्याकाठचा पट्टा वगळायचा असतो. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, १.३७ मीटरवर, मोजायचा, नंबर टाकायचा, मगच तोड.

आता मुख्य मुद्दा. साग तोडला म्हणजे मेला असं नाही. जमिनीलगत, किंचित उतार देऊन, साल न फाटता खुंट छाटला तर पाणी साचत नाही आणि पहिल्या पावसात कडेने फुटवे येतात. मूळ जुनं, खोल गेलेलं, त्यामुळे फुटवा रोपापेक्षा कितीतरी जोमाने वर येतो. दोनेक वर्षांनी त्यातला एखादा सरळ ठेवून बाकीचे काढायचे. ही पद्धत इंग्रजांपासून चालत आलेली आहे. आमचे एक जुने रेंजर म्हणायचे, जंगल कुऱ्हाडीने मरत नाही, तोडीनंतरच्या पाच वर्षांत मरतं. गुरं, वणवा आणि जळणाची मोळी. पाच वर्षं राखलं तर जंगल आहे, नाहीतर माळ.

तर्रीबाज (७.३०)

काका, सकाळी सातला एवढं मोठं? निवृत्ती म्हणतात ती हीच. (प्रतिसाद मात्र वाचनखूण साठवण्यासारखा.)

टणटणी (दुपारी १.२०)

खाकीकाका, तुमचा मान राखून थोडी असहमती. वनस्पतिशास्त्र शिकवते, पक्षी बघते, म्हणून दोन्ही बाजूंनी खुपतं.

तुम्ही सांगितलं ते जुन्या जंगलातल्या फुटव्याचं. पण राज्यात १९७४ साली वनविकास महामंडळ आलं आणि मिश्र जंगल सरसकट साफ करून त्या जागी सागाची रोपवनं हा प्रकार कितीतरी मोठ्या क्षेत्रावर झाला. दोन बाय दोन मीटरवर रोप म्हणजे हेक्टरी २,५०० साग. ऐन, धावडा, बेहडा, कुडा, शिवण, आंजणी सगळं गेलं. त्याला जंगल कसं म्हणायचं? ते सागाचं शेत आहे.

शिवाय कोवळ्या दाट सागाखाली फारसं काही टिकत नाही. त्याचं पान सुपाएवढं. पावसाचं पाणी पानावर जमून मोठ्या थेंबाने खाली आपटतं. उन्हाळ्यात तीच पानं पेटली की खालची माती उघडी, आणि पहिला मोठा पाऊस ती घेऊन जातो. पेठ-सुरगाण्याचा पाऊस कसा असतो हे इथल्यांना सांगायला नको.

आणि पोकळ झाडं! कार्य आयोजनेच्या भाषेत वाळलेलं, पोकळ, वाकडं झाड म्हणजे 'सुधारणे'साठी काढायचं झाड. घुबडाच्या भाषेत तेच घर. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर कोणाला दिसलंच नव्हतं, नामशेष धरला होता. १९९७ साली शहाद्याजवळ सापडला, म्हणजे आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात. तो राहतो सागाच्या मोकळ्या जंगलातच, हे तुमच्या बाजूने. पण घरटं करतो मोठ्या झाडाच्या ढोलीत, हे माझ्या बाजूने.

गोदाकाठचा (१.३५)

टणटणीताई +१००. तरी मी म्हणतच होतो.

टणटणी (१.४१)

अहो, मी तोड बंद करा असं कुठे म्हटलं?

सुतारपक्षी (रात्री ८.५०)

नाव सुतारपक्षी असलं तरी घुबडाच्या बाजूचा नाही, आमची वखार आहे. तिसरी पिढी.

नाशिकमध्ये फ्लॅटच्या चौकटीला आज जो 'साग' लागतो, त्यातला किती इथला असतो असं वाटतं? घाना, इक्वेडोर, पनामा. पूर्वी बर्माचा यायचा. २०१४ पासून म्यानमारने गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा ते पण गेलं. इथला माल चांगला, रेषा बारीक, तेल आहे, पण मिळतो किती? बल्लारशाहचा म्हणाल तर नाव मोठं. अयोध्येच्या दारांना चंद्रपूरचा साग गेला तेव्हापासून गिऱ्हाईक दुकानात येऊन "तोच द्या" म्हणतं. कुठून देऊ?

एक गंमत सांगतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त भाव खातं ते पंचवटी-जुन्या नाशकातल्या पडक्या वाड्यांचं लाकूड. शंभर-सव्वाशे वर्षांचे खांब, तुळया. चिरला की वास येतो, रंग मधासारखा. ते झाड वाढायला किती वर्षं लागली असतील ते तुम्हीच मोजा. आताच्या लवकर तोडलेल्या सागात पांढरं लाकूड जास्त, नार (आतलं पक्कं लाकूड) कमी. वाळवी सोडत नाही.

मुद्दा एवढाच की इथली तोड बंद केली म्हणून नाशिककर दार लावायचं बंद करणार नाही. तेवढी तोड दुसऱ्याच्या देशात जाईल. तिथे कोण खुंट मोजतंय?

गोदाकाठचा (९.१०)

वखारवाले काय म्हणणार दुसरं!

सुतारपक्षी (९.१४)

तुमच्या घराला दारं कशाची आहेत?

गोदाकाठचा (९.२०)

फ्लश डोअर.

सुतारपक्षी (९.२१)

आणि चौकट?

तर्रीबाज (९.३५)

पंधरा मिनिटं झाली, उत्तर नाही. चौकट सागाची आहे असं समजून पुढे चला. धाग्याचा काश्मीर होऊ देऊ नका.

उत्तरेकडचा_नाशिककर (१८ फेब्रुवारी, पहाटे २.१०)

मूळचा सिडकोतला, सध्या स्वीडनमध्ये. इथे तोडीनंतर पुन्हा जंगल उभं करणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, तेही १९०३ पासून. आणि आता तोडताना काही जुनी झाडं मुद्दाम राखतात, काही खोडं दोन-तीन पुरुष उंचीवर कापून तशीच उभी ठेवतात. ती वाळतात, किडे येतात, सुतारपक्षी (खरा) येतो. म्हणजे धंदा आणि निसर्ग दोन्ही एका तुकड्यावर. आपल्याकडे का जमू नये?

खाकी_निवृत्त (सकाळी ६.५०)

तिथल्या काही पर्यावरणवाल्यांची स्वीडनमधल्या सरसकट तोडीवरही टीका आहे म्हणे, ती तुम्ही जास्त जाणता. पण उंच खोड राखायची कल्पना मला आवडली. फक्त आमच्याकडे तीन मीटरचं वाळकं खोड उभं ठेवलं तर पहिल्या आठवड्यात चुलीत जाईल. त्यात चूल पेटवणाऱ्याचा दोष नाही.

सुरगाण्याची (दुपारी ३.४०)

दोन दिवस वाचतेय. सगळे जंगलाबद्दल बोलताहेत, जंगलात राहणारं कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते. मी शिक्षिका आहे, सुरगाणा तालुक्यातली, घर जंगलाला लागून.

आधी खाकीकाकांना एक विचारते. गुरं फुटवे खातात म्हणालात. साग खाताना गाय बघितलीत कधी? आमची गुरं सागाला तोंड लावत नाहीत. शेळीसुद्धा अगदीच काही नसेल तर. ती खातात शिवण, तिवस, बिबळा, धावडा, खैराचे कोवळे शेंडे. म्हणजे तोड झाली, गुरं फिरली की साग आपला वर येतो आणि बाकीचं संपतं. तुमच्या वहीत 'पुनरुत्पादन समाधानकारक' लिहून येतं. माझे आजोबा सांगायचे की आमच्या माथ्यावरच्या जंगलात साग चार आण्याचा, म्हणजे पाव हिस्सा होता, आता बारा आण्याचा आहे. कोणी लावला नाही त्यातला एकही.

दुसरं, राब. भात-नागलीच्या रोपासाठी आम्ही फांद्या तोडून राब भाजतो. त्यासाठी ऐन छाटला जातो, साग नाही. सागाला हात लावला की पूर्वी गुन्हाच. म्हणजे आमची कुऱ्हाडसुद्धा सरकारने सागावरून बाजूला काढून ऐनावर नेऊन ठेवली.

तिसरं, खैर. रात्री गाड्या येतात, कातासाठी खैर गुजरातकडे जातो, हे वर्तमानपत्रात सगळ्यांनी वाचलंय. सकाळी चौकशी कोणाकडे? पाड्यावर. माझ्या काकांना एकदा दोन दिवस बसवून ठेवलं होतं, सापडली काय, तर घराच्या डागडुजीची एक वासळी.

मोहाबद्दल कोणी लिहिलंच नाही. एक मोठा मोह घराला दरवर्षी फुलं देतो, बिया देतो, तेल देतो. त्याचा लिलाव एकदाच होतो, फुलं दरवर्षी. तुमच्या हिशोबात कुठला आकडा मोठा धरता?

टणटणी (३.५८)

ताई, हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे. चराईने साग निवडला जातो हे पुस्तकात असतं, पण चार आणे-बारा आणे इतकं नेमकं कोणी सांगत नाही.

खाकी_निवृत्त (सायंकाळी ५.३०)

मॅडम, मान्य. निमूटपणे मान्य. मी 'फुटवे' म्हणताना डोळ्यांपुढे साग होता, कारण चौतीस वर्षं वहीत सागच मोजला. रोपवन बघायला साहेब आले की पहिला प्रश्न 'टक्केवारी किती?' टक्केवारी जिवंत रोपांची, कुठल्या जातीची हे तिसऱ्या पानावर.

आणखी एक कबुली देऊन टाकतो. उद्दिष्टाची लागवड. २०१९ ला राज्यात ३३ कोटींचं उद्दिष्ट होतं. त्याच्या आधीही अशी वर्षं येऊन गेली. खड्डे एप्रिलमध्ये, रोपं जुलैमध्ये, फोटो त्याच दिवशी. जे लवकर हिरवं दिसतं ते लावायचं, म्हणून गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ. पैसे पहिल्या वर्षी भरपूर, तिसऱ्या वर्षी राखणदाराचा पगारही वेळेवर नाही. जंगल राखणाऱ्याला तिसऱ्या वर्षीच जास्त गरज असते.

फणसवाडी (६.१०)

अवांतर: वासळी नाही हो, आमच्याकडे वासा म्हणतात.

सुरगाण्याची (६.२२)

तुमच्याकडे म्हणत असतील.

मांडवाखाली (रात्री १०.०५)

दिंडोरीकडचा शेतकरी. अवांतर वाटेल पण नाही. आमच्या टोमॅटोला एकरी किती बांबू लागतो कल्पना आहे का? दर हंगामाला थोडा सडतो, थोडा मोडतो, पुन्हा घ्या. अर्धा नाशिक जिल्हा बांबूवर उभा आहे आणि आपण सागावर भांडतोय. २०१७ ला कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू 'वृक्ष' राहिला नाही, तेव्हापासून बांधावर लावून विकायला परवान्याची कटकट नाही. लाकडाची भूक बांधावर भागवा, जंगलाला तेवढी उसंत द्या. १९८८ च्या वननीतीतही उद्योगाने कच्चा माल शेतकऱ्याकडून घ्यावा असंच आहे ना?

खाकी_निवृत्त (१०.३०)

आहे. त्याच नीतीत पर्यावरणीय समतोल हे मुख्य उद्दिष्ट आणि आर्थिक लाभ त्याच्यानंतर, असंही स्पष्ट आहे. १९५२ च्या नीतीचा सूर वेगळा होता, जंगल म्हणजे राष्ट्रीय गरजेचा साठा. खात्याची यंत्रणा मात्र १९५२ च्या सवयीने चालते. मी पण तसाच चाललो.

गोदाकाठचा (१९ फेब्रुवारी, सकाळी ११.००)

चौकट सागाचीच आहे. बिल्डरने बसवली, मला विचारलं नव्हतं. तरी माझं मत कायम: पश्चिम घाटाच्या उतारावर तोड नकोच. दमणगंगा, नार, पार तिथूनच निघतात. पण सुरगाण्याच्या ताईंना विचारायचंय, जंगल गावाच्या हातात दिलं तर गाव तोडणार नाही कशावरून?

सुरगाण्याची (दुपारी ४.१५)

तोडेलही. तोडायला हरकत काय आहे? दादा, आम्ही जंगल पूजेला ठेवलेलं नाही.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभेने स्वतः बांबू तोडून विकला. जंगल संपलं का? आपल्या जवळचं बघा, साक्री तालुक्यातलं बारीपाडा. चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांना कळलं, पण राखण तीस वर्षांपूर्वीपासूनची. तिथे नियम गावाचे, दंड गावाचा, आणि पकडणाऱ्याला बक्षीसही. फरक इतकाच की चोरी झाली तर चोरी कोणाची झाली हे गावाला माहीत असतं. सरकारी कूपातला ओंडका गेला तर आमचं काय गेलं?

आमच्या गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर आहे, पण आराखडा करायला बसलो की पहिल्याच बैठकीत तरुण पोरं म्हणतात सगळा साग लावू, पैसा येईल. म्हाताऱ्या बाया म्हणतात मोह नि शिवण. मागच्या वेळी दोन तास भांडण झालं, चहा संपला म्हणून उठलो.

टणटणी (४.४०)

बायांच्या बाजूने माझं एक मत धरा.

पण पोरांचंही पूर्ण चूक नाही. सगळीकडे सगळं हवं असा हट्ट धरला तर कुठेच काही होत नाही. जुनी सागाची रोपवनं आहेत, ती आहेतच. त्यांची विरळणी नीट करा, म्हणजे दाटीतली काही झाडं काढा, लाकूड विका. विरळणीने उजेड खाली येतो, तिथे ऐन, बेहडा, शिवण आणता येतात. नाल्याच्या दोन्ही काठांना हात लावू नका. प्रत्येक कूपात बियांची जुनी झाडं आणि ढोलीची झाडं नंबर टाकून राखा, जसे तोडायच्या झाडांना नंबर टाकता तसे. आणि विक्रीचा पैसा तिथल्याच राखणीला, निदान पाच वर्षं. आज तो तिजोरीत जातो आणि राखणीसाठी दुसरीकडून मागावा लागतो.

खाकी_निवृत्त (५.०५)

१९४७ नंतर मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या काळात जंगल कामगार सोसायट्या निघाल्या त्या यासाठीच, की ठेकेदाराऐवजी कूप मजुरांनीच तोडावा, नफा त्यांच्याकडे राहावा. आपल्या जिल्ह्यातही होत्या. काही चांगल्या चालल्या, काहींत ठेकेदार मागच्या दाराने परत आले. तोडीचा नफा वाटायचं सुचलं, राखणीचं काम वाटायचं कोणाला सुचलं नाही.

तर्रीबाज (५.२०)

धागाकर्ते कुठे गेले? पेटवून गायब.

रानवाटकर (२१ सप्टेंबर, रात्री ८.१५)

गायब नव्हतो, वाट बघत होतो. धागा वर काढतोय, क्षमस्व.

परवा त्याच वळणावर पुन्हा गेलो. थप्प्या गेल्यात, उतार हिरवागार. रस्त्यावरून बघितलं आणि पहिल्यांदा वाटलं, खाकीकाका जिंकले. मग गाडी लावून वर चढलो. चिखल, जळवा नव्हत्या पण बाकी सगळं होतं.

वही घेऊन पन्नास खुंट मोजले. साग एकतीस, त्यातले एकोणतीस फुटलेले, प्रत्येकाला पाच-सात फुटवे, काही माझ्या छातीपर्यंत. उरलेले एकोणीस इतर जातींचे. ओळखायला बरोबर गावातला एक मुलगा होता, नाहीतर मला कुडा आणि ऐन यातला फरक कळत नाही. त्या एकोणीसांपैकी फुटवा चौदांना होता, पण नऊ ठिकाणी शेंडे कुरतडलेले, अगदी वीतभर उरलेले. शिवणीचं एक खुंट तर दातांनी सोललेलं. तारेचं कुंपण दोन जागी वाकवलेलं आहे. त्या मुलाला विचारलं, कोणी वाकवलं? तो हसला, म्हणाला, "आमच्याच शेळ्या आहेत."

नाल्याकाठचा पट्टा मात्र खरंच राखलेला आहे. एक मोठा बेहडा उभा आहे, त्याला ढोली आहे. आत कोण राहतं ते दिसलं नाही.

फोटो टाकतोय, तर्रीबाज.

तर्रीबाज (८.२०)

सात महिन्यांनी. चालतंय.

सुरगाण्याची (९.०५)

एकोणीसपैकी नऊ कुरतडलेले. हे कोणाच्या वहीत येणार नाही. आमच्या पुढच्या बैठकीला हा हिशोब वाचून दाखवू का? शेळ्यांवरून पुन्हा भांडण होईल, पण होऊ दे.

रानवाटकर (९.१२)

दाखवा की. वहीच पाठवतो.

खाकी_निवृत्त (२२ सप्टेंबर, सकाळी ६.३०)

रानवाटकर, सागाचे ते फुटवे खुंटाच्या वरच्या कडेने आलेत की जमिनीला लागून? वरच्या कडेचे वादळात उन्मळतात. पुढच्या वेळी जाल तेव्हा खाली वाकून बघा. आणि जाण्याआधी मला कळवा, गुडघे कुरकुरतात पण बेहड्यापर्यंत येईन.

टणटणी (६.४५)

मी पण. दुर्बीण आणते, संध्याकाळपर्यंत ढोलीसमोर बसायचं.